छपरावरची उरलेली वीज आणि न्हाणीघरातले गरम पाणी

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांच्या, शाळांच्या आणि धर्मभगिनींच्या मठांच्या छपरांवर अलीकडे सौरपटले दिसू लागली आहेत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यावर या संचांची संख्या अधिकच वाढली. संच बसतो, वीजबिल उतरते, आणि मग काही महिन्यांनी एक प्रश्न हमखास पुढे येतो. भर दुपारी मुले शाळेत आणि मोठी माणसे कामावर असतात. घरात एखादा फ्रिज तेवढा चालू असतो. अशा वेळी पटलांवर तयार होणारी वीज जाते कुठे? ती वाया जात असेल तर तिच्यावर पाणी तापवून का ठेवू नये?

हा प्रश्न आमच्याकडे अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत मांडला आहे. काहींना इंग्लंड-ऑस्ट्रेलियातील नातेवाइकांनी तिथे मिळणाऱ्या एका उपकरणाची माहिती कळवली आहे. उरलेली वीज हे उपकरण आपोआप पाण्याच्या टाकीकडे वळवते. ते आपल्याकडे घ्यावे का, अशी विचारणा होते. याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही, म्हणून विषय थोडा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. तो शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाइतकाच सोपा आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. थंडीच्या दिवसांत टाकीतले पाणी २० अंशांवर असते असे धरू. वीस लिटरची एक बादली ४० अंशांपर्यंत आणायची तर ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडी कमीच वीज लागते. पाच माणसांच्या घरात पाच बादल्यांना सव्वादोन ते अडीच युनिट पुरतात. शंभर लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायची असेल तर मात्र चार युनिटांहून थोडी अधिक वीज हवी. आपल्या भागात स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक किलोवॉटची पटले सुमारे चार युनिट वीज देतात. म्हणजे तीन किलोवॉटच्या संचाची एक तृतीयांश मिळकत त्या टाकीत रिती होते. घराच्या विजेत ही मागणी लहानसहान नव्हे.

गॅसच्या भाषेत हेच सांगायचे तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे दीड लाख किलोकॅलरी उष्णता असते. शेगडीवर पातेले ठेवून पाणी तापवताना तिच्यापैकी साठ टक्क्यांच्या आसपासच पाण्यात उतरते आणि बाकीची स्वयंपाकघराच्या हवेत जाते. हाती लागते ती उष्णता विजेच्या जवळपास ११० युनिटांइतकी. वर सांगितलेल्या पाच बादल्यांच्या घराने आंघोळीचे पाणी गॅसऐवजी विजेवर तापवले, तर दीड-पावणेदोन महिन्यांत एक सिलिंडर वाचतो.

आमच्या वाचकांपैकी ज्येष्ठांना तांब्याचा बंब आठवत असेल. मागील दारी पहाटे झावळ्या, करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या घालून तो पेटवायचे काम बहुधा घरातल्या सुनेकडे असे. त्या पाण्याची ऊब खरी होती, पण पेटवणारीच्या डोळ्यांत आणि छातीत जाणारा धूरही तितकाच खरा होता. काही वाड्यांत आजही चुलाणावर हंडा चढतो. बंब गेला आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी गॅसचा गिझर आला. तो स्वस्त पडतो, पण बंद न्हाणीघरात बसवला तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेतो. या वायूला वास नसतो. आंघोळीला गेलेले तरुण, नवविवाहित जोडपी, लहान मुले दार उघडेपर्यंत दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचाव्या लागतात. उरलेली वीज पाण्यासाठी वापरावी असे आम्हांस वाटण्याचे पहिले कारण बिलातली बचत हे नाही. त्या विजेमुळे न्हाणीघरातून गॅसची ज्योत बाहेर जाते, हे आम्ही अधिक मोलाचे समजतो.

आता त्या परदेशी उपकरणाकडे वळू. वीजमीटरजवळच्या तारेभोवती एक छोटा चिमटा बसवलेला असतो. घरातून वीज बाहेर, जाळ्याकडे, वाहू लागली की तो चिमटा नियंत्रकाला तशी सूचना देतो. नियंत्रक मग बाहेर जाणारी तेवढीच वीज टाकीतल्या तापक कांडीकडे वळवतो. बाहेर ७०० वॉट जात असतील तर कांडीला ७०० वॉट मिळतात. ढग आला की ते २०० वर येतात, आणि कोणी इस्त्री लावली तर शून्यावर. साधा गिझर एकतर पूर्ण दोन किलोवॉट ओढतो किंवा काहीच ओढत नाही. या उपकरणाचे सारे कौशल्य ओढ कमीजास्त करण्यात आहे.

हे उपकरण विलायतेत इतके लोकप्रिय का झाले, हे समजल्याशिवाय आपल्याकडचा निर्णय घेता येणार नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० मध्ये सौरविजेसाठी एक प्रोत्साहन योजना सुरू झाली आणि मार्च २०१९ अखेर ती नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. लहान घरगुती संचांना बाहेर जाणारी वीज मोजणारे मीटर बसवलेले नसे. एकूण निर्मितीच्या निम्मी वीज जाळ्यात गेली असे गृहीत धरून पैसे मिळत. तुम्ही प्रत्यक्षात किती पाठवली याला महत्त्वच नव्हते. मग ती बाहेर कशाला जाऊ द्यायची? घरात तर गरम पाण्याची मोठी टाकी आधीपासून होती. उरलेली वीज तिच्यात ओतली तर मोबदला तितकाच राही आणि पाणी फुकट तापे. नियमांच्या त्या रचनेतून ही कल्पना फोफावली. ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे इतक्या छपरांवर पटले आली की दुपारी जाळ्यात विजेचा पूर येऊ लागला. पूर्वी रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणाऱ्या टाक्या दुपारी तापवाव्यात, असा प्रयत्न तिथे चालू आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२० पासून सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत जाळ्याचा आकार मुद्दाम कमी ठेवण्यात आला. दुपारची वीज टिपून घेणारा 'सौर स्पंज' असे नाव त्या दराला मिळाले.

महाराष्ट्रातील घरगुती ग्राहकांत मुख्यतः नेट मीटरची पद्धत रूढ झाली. तुमच्या छपरावरून बाहेर गेलेली युनिटे मोजली जातात, तुम्ही आत घेतलेली युनिटेही मोजली जातात, आणि वजाबाकी करून बिल येते. एखाद्या महिन्यात बाहेर गेलेली युनिटे जास्त झाली तर उरलेली पुढच्या महिन्यासाठी जमा राहतात. याचा अर्थ असा की दुपारी पाठवलेले युनिट रात्री परत मागता येते. जाळे हीच आपली बँक आहे. अशा घरात दुपारी उरलेल्या विजेवर पाणी तापवले काय किंवा ती जमा करून पहाटे गिझर लावला काय, बिलात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. उलट दुपारी तापवलेले पाणी पहाटेपर्यंत थोडे निवते, म्हणजे थोडा तोटाच. विजेची दिशा बदलणारे महागडे उपकरण अशा घरात स्वतःची किंमत भरून काढू शकत नाही. हे विक्रेता सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगत आहोत.

मग 'उरलेली वीज' असे काही नसतेच का? असते, पण ती दिवसाच्या हिशेबात सापडत नाही. ती वर्षाच्या हिशेबात सापडते. जमा युनिटे आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंतच पुढे ओढली जातात. ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्यांचा हिशेब वेगळ्या दराने होतो आणि तो दर आपण विजेसाठी मोजतो त्याहून बराच कमी असतो. आता आपल्या कोकणपट्टीचे ऋतू या वर्षावर ठेवून पाहा. एप्रिल-मे मध्ये ऊन कडक असते, पण पंखे आणि वातानुकूलन यंत्रेही चालू असतात. तरीही जे उरते ते जून ते सप्टेंबरच्या ढगाळ महिन्यांत वापरले जाते, कारण तेव्हा निर्मिती बरीच घटते. ऑक्टोबरपासून आकाश मोकळे होते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत ऊन स्वच्छ पडते, पटले थंड राहिल्याने उत्तम काम करतात आणि घरातले पंखे बंद असतात. युनिटे साचतात, पण त्यांना पुढे पावसाळा नसतो. पुढे ३१ मार्च असतो. नाताळापासून प्रायश्चित्तकाळापर्यंत साचणारी ही युनिटेच खऱ्या अर्थाने उरलेली.

आणि नेमक्या याच महिन्यांत सकाळी गरम पाणी लागते.

हा योग ध्यानात आला की उपकरणाचा प्रश्न मागे पडतो. जानेवारीचे बिल हाती घ्यावे आणि त्यात जमा युनिटे किती दाखवली आहेत ते पाहावे. ती शंभर-दीडशेच्या पुढे गेली असतील, तर मार्चअखेरपर्यंत आंघोळीचे पाणी गॅसवरून विजेवर न्यावे. एवढ्यावर काम भागते, नवे यंत्र घ्यावे लागत नाही. युनिटे याहूनही अधिक असतील तर भात-डाळही विजेच्या शेगडीवर शिजवावी. पाच भाकरींच्या त्या प्रसंगानंतर उरलेले तुकडे बारा टोपल्यांत भरून घेतले होते, हे आपण दरवर्षी ऐकतो. इथेही टोपली आधी हाताशी ठेवायची, एवढेच.

तरीही दुपारी पाणी तापवणे फायद्याचे ठरेल अशा काही परिस्थिती आहेत. ज्यांच्या संचाला बाहेर वीज पाठवण्याची परवानगी नाही, त्यांची न वापरलेली दुपारची वीज खरोखरच निर्माण होण्याआधीच बुडते. इन्व्हर्टर आपोआप निर्मिती आवरती घेतो. डोंगराकडच्या भागांत बॅटरीवर चालणारे स्वतंत्र संच आहेत. तिथे बॅटरी अकरा-बारा वाजेपर्यंत भरली की पुढची दुपार मोकळीच जाते. अशा ठिकाणी पाण्याची टाकी ही सर्वांत स्वस्त बॅटरी होय. दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळे दर लावणारी पद्धतही आता येऊ लागली आहे. जिथे दुपारचे युनिट रात्रीच्या युनिटाच्या बरोबरीचे धरले जात नाही, तिथे सारा हिशेब पालटतो आणि दुपारी तापवणेच शहाणपणाचे ठरते. म्हणून आपला संच कोणत्या नियमाखाली जोडला आहे हे करारपत्रात वाचून घ्यावे. शेजाऱ्याचे नियम आपल्याला लागू असतीलच असे नाही.

अशा ठिकाणीही महागड्या नियंत्रकाआधी एक साधा मार्ग आहे. गिझरच्या तारेवर योग्य क्षमतेचा टायमर बसवून तो साडेअकरा ते दोन या वेळेत चालू ठेवायचा आणि दोन किलोवॉटच्या कांडीऐवजी एक किलोवॉटची घ्यायची. लहान कांडी सावकाश तापवते, पण तिची मागणी पटलांच्या आवाक्यात राहते. टाकीचे उष्णतारोधक आवरण मात्र चांगले हवे. गिझरवरचे तारे मुख्यतः साठवलेले पाणी किती कमी निवते यावरच दिलेले असतात, तेव्हा दुपारचे पाणी संध्याकाळी किंवा पहाटे वापरायचे असेल तर तारे मोजूनच गिझर घ्यावा.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. वीज गेली तरी आपल्या छपरावर ऊन आहे, म्हणजे आपले पाणी तापेल, असे अनेकांना वाटते. जाळ्याला जोडलेला साधा संच वीज जाताच स्वतःही बंद पडतो. तो बिघाड नव्हे. बाहेर खांबावर तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराला आपल्या छपरावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते. तिला बगल देण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

दुसरा धोकादायक सल्ला आहे पटलांची तार थेट गिझरला जोडण्याचा. पटलांतून येणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. घरातला गिझर दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहासाठी बनलेला असतो. घरातल्या प्रवाहात क्षणोक्षणी शून्याचा टप्पा येतो, म्हणून थर्मोस्टॅटची जोडणी उघडताना उडणारी ठिणगी विझते. पटलांच्या प्रवाहात असा टप्पा येत नाही. ठिणगी जळत राहते, जोडणी वितळते, पाणी उकळत राहते आणि आग लागू शकते. यासाठी निराळी सामग्री मिळते आणि ती जाणकारानेच बसवावी. न्हाणीघरातील कोणत्याही तापकाला अर्थिंग आणि गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा खटका असलाच पाहिजे. बादलीत सोडायच्या उघड्या रॉडबद्दल तर काय बोलावे? तो चालू असताना पाण्यात बोट घालून पाहण्याची सवय कित्येक घरांत आहे.

किनाऱ्यालगतच्या गावांतील विहिरींचे पाणी मचूळ किंवा क्षारयुक्त असते. त्याचा थर कांडीवर चढतो, कांडी अधिक तापते आणि लवकर जळते. वर्षातून एकदा टाकी धुऊन घेणे आणि आतील झिजणारी धातूची कांडी बदलणे ही कामे संच बसवणाऱ्याशी आधीच ठरवून ठेवावीत.

मोठ्या संस्थांचा विचार वेगळा करावा लागतो. वृद्धाश्रम, वसतिगृह किंवा रुग्णालय यांना रोज पाचशे-हजार लिटर गरम पाणी लागते. हजार लिटरांना चाळीस युनिट, म्हणजे दहा किलोवॉटची पटले केवळ पाण्यापायी! इतक्या प्रमाणावर साध्या कांडीने पाणी तापवणे आम्हांस उधळपट्टी वाटते. सौरपटल उन्हातील सुमारे एक पंचमांश ऊर्जेचीच वीज करते, तर उन्हाने थेट पाणी तापवणारे सौरबंब निम्म्याच्या आसपास उष्णता पाण्यात उतरवतात. शंभर लिटरला दोन चौरस मीटरचा सौरबंब पुरतो. त्याच कामासाठी पटलांना पाच चौरस मीटर जागा लागते. छप्पर मोकळे असेल आणि पाणी बरे असेल तर सौरबंब आधी, पटले नंतर. मात्र पावसाळ्यात सौरबंब जवळजवळ निष्क्रिय होतो आणि आश्रमातील आजी-आजोबांना गरम पाणी तर तेव्हाच अधिक हवे असते. त्यासाठी उष्णता-पंप हा चांगला जोडीदार आहे. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तर हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. आपल्या उबदार हवेत एका युनिटात तो सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता देतो. त्याची सुरुवातीची किंमत अधिक असते, पण मोठ्या संस्थेत तो पूर्ण वर्षभर राबतो.

अशा संस्थांत आणखी एक दक्षता घ्यावी लागते आणि ती जिवाशी निगडित आहे. उरलेल्या विजेवर तापणारी टाकी ढगाळ दिवशी कोमटच राहते. कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या अधिवेशनात त्याने अनेकांचा बळी घेतला, तेव्हा तो प्रथम ओळखला गेला. साधारण २० ते ४५ अंश हे त्याचे वाढीचे क्षेत्र आहे. फवाऱ्याच्या तुषारांतून तो फुप्फुसांत जातो आणि वृद्धांना न्यूमोनिया होतो. म्हणून टाकी ६० अंशांपर्यंत नेलीच पाहिजे. उन्हाने नाही जमले तर त्या दिवशी जाळ्यावरची वीज खर्च करून न्यावी, तिथे काटकसर नको. पण ६० अंशांचे पाणी थेट अंगावर पडले तर पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजते, आणि ज्यांच्या हातापायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना ते कळतही नाही. टाकीत साठ आणि नळाला चाळीस अंश ठेवणारी मिश्रणाची तोटी मिळते. ती बसवल्याशिवाय वृद्धाश्रमात असा संच सुरू करू नये.

ख्रिस्तसभेच्या पातळीवर या विषयाकडे गेली काही वर्षे गांभीर्याने पाहिले जात आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, २००८ मध्ये, व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौरपटले बसवण्यात आली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक दिले. जून २०२४ मध्ये 'फ्रातेल्लो सोले', म्हणजे 'बंधू सूर्य', या शीर्षकाच्या आज्ञापत्राने त्यांनी रोमजवळील सांता मारिया दि गालेरिया येथे शेती आणि सौरवीज एकत्र चालवणारा प्रकल्प उभारण्याची सूचना केली. पोप लिओ चौदावे यांनी जून २०२५ मध्ये त्या जागेला भेट दिली. ही दोन्ही शीर्षके असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सृष्टिस्तोत्राकडे बोट दाखवतात. त्या स्तोत्रात सूर्याला बंधू आणि पाण्याला भगिनी म्हटले आहे. अग्नीही त्यात बंधूच आहे, पण गॅस गिझरचा अग्नी संतांच्या पाहण्यात आला नव्हता.

ज्या धर्मग्रामांनी चर्च, शाळा आणि धर्मगुरूनिवास यांवर वेगवेगळे संच बसवले आहेत, त्यांच्या आर्थिक समित्यांनी प्रत्येक मीटरचे बिल स्वतंत्रपणे पाहावे. शाळेच्या मीटरवर मे महिन्याच्या सुट्टीत भरपूर युनिटे जमा होतात, पण ती वर्षाच्या प्रारंभीची असल्याने पावसाळ्यात शाळा सुरू झाल्यावर वापरली जातात. त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. चर्चच्या मीटरवर मात्र आठवड्यातले बरेच दिवस दुपारी काहीच खर्च नसतो आणि हिवाळ्यात पंखेही लागत नाहीत. तिथे पाणी तापवून उपयोग नाही, कारण ते वापरणारे कोणी नसते. पुढील संच बसवताना त्याची क्षमता कमी ठेवणे हाच तिथला उपाय. धर्मगुरूनिवासाच्या आणि मठाच्या बिलांतील डिसेंबरपर्यंतची जमा युनिटे एका कागदावर मांडून समितीच्या जानेवारीच्या बैठकीत ठेवावीत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत त्यांचा उपयोग करायला अडीच महिने हाती राहतील.